गोजराबाईचा हंगाम

"बाई, हा कागद इथला नाहीच," खिडकीतला कारकून म्हणाला आणि त्यानं फॉर्म फिरवून गोजराकडं परत सरकवला. "तुम्हाला घर दिलंय ते राहायला. तिथं तुम्ही मशीनसाठी थ्री फेज मागताय. त्याला घर दिलेल्या कचेरीचं ना हरकत पत्र लागतं."

"त्यांनीच इकडं धाडलंय, सायेब. ते म्हणत्यात, आधी विजेवाल्यांचं पत्र आणा, लाईट देतो म्हणून. मग आमी ना हरकत देऊ."

"ना हरकत नाय तर आम्ही कसं पत्र देणार?"

"मग पयलं कुणी द्यायचं?"

कारकुनानं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. गेल्या तीन आठवड्यांत गोजरा पाचव्यांदा आली होती आणि पाचही वेळा तो तिच्याशी सरळ बोलला होता. त्यानं मागच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

"साहेब रजेवर आहेत. पंधरा दिवसांनी या. त्यांच्याशी बोला."

पंधरा दिवस. गोजरा आवारातल्या नळावर पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि कोपरखैरण्याची बस धरायला निघाली. पंधरा दिवसांत घरातल्या मिरच्यांचं काय होईल, हे कारकुनाला सांगून उपयोग नव्हता.

तिच्या पुढच्या खोलीत एकोणीस घरांच्या मिरच्या होत्या. कुणाची बेडगी, कुणाची संकेश्वरी, कुणाची लवंगी. देठं काढलेल्या, तेलाच्या हातानं भाजलेल्या, धणे, दगडफूल, नागकेशर घालून पिशव्यांत भरलेल्या. भाजलेली मिरची कडक असते तोवर कांडावी लागते. एकदा सादळली की ती चामड्यासारखी होते, कांडायला घेतली की गोळा धरते आणि बरणीत गेल्यावर महिन्याभरात तिला बुरशी येते. खाडीवरून येणारा वारा कोपरखैरण्यात काहीच कोरडं राहू देत नाही. मिरच्या घरी येऊन पाच दिवस झाले होते. रोज सकाळी गोजरा त्या दारापुढं जुन्या साड्यांवर पसरायची, ऊन उतरलं की गोळा करून आत न्यायची. तरी वास उतरत चालला होता, हे तिला कळत होतं.

आणि त्या पिशव्यांच्या मधोमध कांडपाचं मशीन उभं होतं. हिरव्या रंगाचं, चार लोखंडी मुसळांचं, खाली मोटर बसवलेलं. कोल्हापूरहून टेम्पोनं आल्यापासून ते एकदाही हललं नव्हतं.

गोजराचा नवरा मारोती माथाडी होता. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून विसाव्या वर्षी तो इकडं आला आणि पुढची वीस वर्षं त्यानं कांदा-बटाट्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या. दोन वर्षांपूर्वी, पंच्याण्णव साली, गोण्यांची एक थप्पी ढासळून त्याच्या कमरेवर आली. ऑपरेशन झालं. तो चालायला लागला, पण यापुढं पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून मारोती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. गोजरा बाजारात कांदे निवडायला जायची. दिवसभर उकिडवं बसून सडका कांदा वेगळा काढायचा आणि हाताला येणारा वास घेऊन घरी यायचं.

मारोतीच्या अपघाताची भरपाई मिळाली तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, "आपण मिरची कांडायचं मशीन घिऊया का? साऱ्या सेक्टरात एक बी न्हाई."

मारोतीनं कूस बदलून तिच्याकडं तोंड केलं. मग म्हणाला, "घे. पर माझी पाठ हाय ती. जपून वापर."

म्हणून ती आधी शिकायला गेली. बेलापूरला एका केंद्रात धंदा सुरू करू पाहणाऱ्या बायकांसाठी बारा दिवसांचा वर्ग होता. कमळाकर सर शिकवायचे. पन्नाशीकडं झुकलेला किडकिडीत माणूस, पण बोलायला लागला की सगळा वर्ग ताठ बसायचा. "मी शून्यातून उभा राहिलो," ते म्हणायचे. "तुम्हीही राहाल. आधी ग्राहक, मग दुकान. ग्राहक हातात असला की बाकीचं सगळं आपोआप चालत येतं. हंगाम ओळखा. दिलेला शब्द पाळा." सातवी शिकलेल्या गोजरानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला "तुम्ही उद्योजिका" म्हणत होतं.

तिनं सरांनी सांगितल्याबरहुकूम केलं. फेब्रुवारीत दारोदार फिरली. माथाड्यांच्या घरांत फिरली, तशीच पलीकडच्या सोसायट्यांतही गेली. पाडव्याला मशीन सुरू होणार, तुमच्या डोळ्यांदेखत कांडून देणार. वायरिंग बघायला आलेल्या वायरमननं छातीठोकपणे सांगितलं होतं की पाडव्याच्या आत मीटर लागेल. एकोणीस जणींनी हो म्हटलं आणि पाडव्याच्या दिवशी त्या पिशव्या घेऊन आल्या. कुणाचा माल कुणात जाऊ नये म्हणून गोजरानं प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मशीनला हळदकुंकू वाहिलं. बायकांना पेढा दिला. फक्त बटण दाबता आलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा अरुणा दारात उभी होती. अरुणाचा नवरा बँकेत होता, ती जवळच्याच एका सोसायटीत राहायची. तिनंच आपल्या बिल्डिंगमधल्या पाच जणींना गोजराचं नाव सांगितलं होतं.

"गोजराबाई, काय झालं? मिळाली का लाईट?"

"दोन दिस थांबा ताई. सायेब रजेवर हाय."

अरुणा आत आली. आपली निळ्या दोऱ्याची पिशवी तिनं सोडली, एक मिरची काढली आणि दोन बोटांत धरून वाकवली. मिरची मोडली नाही. नुसती वाकली.

"बघा," अरुणा म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "वर्षाचा मसाला आहे हो हा. सासूबाई येणारेत पुढच्या आठवड्यात. मला खूप टेन्शन आलंय. मी घेऊन जाते माझी पिशवी, राग मानू नका."

"राग कसला, ताई."

"बाकीच्यांना मी काही बोलले नाहीये अजून."

हे शेवटचं वाक्य गोजराला फार लागलं. पिशवी उचलून अरुणा गेली. आतल्या खोलीतून मारोतीचा आवाज आला, "कोण हुतं?"

"कुणी न्हाई."

"नेली न्हवं पिशवी?"

गोजरा मशीनच्या पायाशी बसली आणि एकेक पिशवी सोडून हात घालून पाहू लागली. अठरांपैकी सहा पिशव्यांतल्या मिरच्या वाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती घणसोलीला गेली. तिथं पोपटशेठ नावाच्या आगरी माणसाची कांडपाची गिरणी होती. गिरणीत डोळे उघडे ठेववत नव्हते. पोपटशेठ नाकातोंडाला ओला पंचा गुंडाळून मशीनपाशी उभा होता आणि भिंतीला लागून पिशव्यांची रांग दारापर्यंत आली होती. गोजरानं हात जोडून सांगितलं, की अठरा पिशव्या आहेत, कांडून द्या.

त्यानं पंचा खाली केला. "बाय, माजेकरं वीस दिसांची लायन हाय. ही लोकां माना सोरतील का?" मग तिच्याकडं निरखून पाहत म्हणाला, "तूच ती ना, कोपरखैरन्याची? चार मुसलांची मशीन आनलीस ती?"

"व्हय."

"मंग आयक. तुजा सगला माल मी आज आन उद्याला कांडून देतंय. लायन बाजूला ठेवतंय. पन ती मशीन माना दे. जी किंमत व्हल ती दीन, फसवाचा नाय."

"मशीन विकायची न्हाई मला."

"नको विकूस. पन तुना लाईट मिलाची नाय, येवरं सांगून ठेवतंय. माजी जागा गावठानान हाय, तरी मी चपला झिजवल्या तवा भेटली. तुजं घर नुसतं रावाचं, धंद्याचं नाय. नाय देनार ते."

तो खोडसाळपणानं बोलत नव्हता. हे गोजराला कळत होतं. "बघते," एवढंच म्हणून ती बाहेर आली. रस्त्यावर आल्यावर तिला वाटलं, मागं फिरावं आणि घे बाबा म्हणावं. दोन दिवसांत सगळ्यांचा मसाला तयार होईल, कुणी तोंडावर काही बोलणार नाही. पण मग मारोतीला काय सांगायचं? त्याची पाठ गेली, आणि त्या पाठीचं जे आलं तेही एका पिशवीची मिरची न कांडता गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिथूनच तिनं बेलापूरची बस धरली.

कमळाकर सरांचा नवा वर्ग चालू होता. ते बाहेर आले, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा वर्गात असायचा तसा झाला. "अजिबात घाबरायचं नाही, गोजराबाई. अडथळा म्हणजे संधी. मी येतो तुमच्याबरोबर. मी बोलतो त्यांच्याशी."

दुपारी ते दोघं वीज कचेरीत गेले. सरांचा शर्ट इस्त्रीचा होता. त्यांनी खिडकीत जाऊन आधी इंग्रजीत सुरुवात केली. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं, मग मराठीत विचारलं, "सर, तुम्हीच का ते बेलापूरच्या वर्गातले?"

"हो."

"तुमच्याकडून या वर्षी आलेल्या ह्या अकराव्या बाई. सगळ्या राहत्या घरात मशीन मांडतात आणि मग इथं येतात. कुणाचं शेवयांचं, कुणाचं पापडाचं. राहत्या घरात अशी लाईट मिळत नाही, हे तुम्ही त्यांना आधी सांगत नाही का?"

सरांनी विचारलं, "अकरांपैकी कुणाचं मंजूर झालं?"

"कुणाचंच नाही, सर."

दोघं बाहेर आले. आवाराच्या भिंतीशी सावली होती तिथं सर थांबले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला आणि पुन्हा पुसला.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"तुमी केला न्हवं का धंदा? शून्यातनं उभा राहिलो म्हणला हुतात."

कमळाकर सरांनी मान हलवली. "नाही केला. मी क्लास घ्यायचो मुलांचे, दादरला. ते बंद पडले. मग इथं लागलो. अकरा महिन्यांच्या नेमणुकीची ऑर्डर असते माझी, दर वेळी नव्यानं काढतात. पुस्तकात असतं ते मी सांगतो. शून्याचं पण पुस्तकातलंच."

गोजराच्या तोंडापर्यंत खूप काही आलं. ह्या माणसाच्या एका वाक्यावर तिनं एकोणीस घरांच्या पायऱ्या चढल्या होत्या. त्या वाक्याखाली वहीत दोन रेघा मारल्या होत्या. पण सर समोर उभे होते ते वर्गातल्या सरांसारखे दिसतच नव्हते. बाजारात दिवसभर थांबून काम न मिळालेल्या माणसासारखे दिसत होते. आणि घरी अठरा पिशव्या होत्या.

"सर," ती म्हणाली, "मुसळ धरता येतंया का तुमास्नी?"

त्यांना वाटलं ती टोमणा मारतेय. ती टोमणा मारत नव्हती.

तिच्या घरापासून तिसऱ्या घरात बाळाबाई राहायची. साठी उलटलेली, कोरेगावकडची विधवा. पांढऱ्या दोऱ्याची पिशवी तिची होती. इकडं राहायला येताना तिनं गावाकडचं दगडी उखळ आणि दोन मुसळं टेम्पोत घालून आणली होती, त्यावरून सगळे तिला हसायचे. गोजरानं जाऊन विचारलं तेव्हा बाळाबाईनं एकच प्रश्न केला.

"किती हाय माल?"

"अठरा घरांचा. पाऊण क्विंटलाच्या वर हाय."

"हातानं?"

"दुसरं काय करू, मावशी?"

बाळाबाईनं पदर खोचला. "मशीन न्हवतं तवा आमी काय दातानं फोडत हुतो व्हय मिरची? चल, धर त्या बाजूनं."

दोघींनी उखळ लोटत लोटत गोजराच्या दारापुढं आणलं. वर जुनी साडी बांधून सावली केली. जी मिरची जास्त वाकत होती ती आधी घ्यायची, असं ठरलं. सकाळपासून तिला उन्हात तापवायचं आणि दुपारी कडक झाली की लगेच उखळात घालायचं. तोंडाला फडकी बांधून दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं वर.

पहिल्या दिवशी एकच पिशवी झाली. शेजारीपाजारी खोकून बेजार झाले. समोरच्या ओळीतल्या एकानं बाहेर येऊन आरडाओरडा केला, "ए बाई, आमी काय मरायचं का इथं? पोरांना श्वास घेता येईना!" गोजरानं मुसळ न थांबवता त्याच्यापुढं मान लववली. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहातांना फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले आणि त्यांत तिखट गेलं. दर तासाभरानं ती ताकाच्या पातेल्यात हात बुडवून बसायची. डोळ्यांतून पाणी आलं तरी पुसायला हात वर नेता येत नव्हता. ब्लाउजची बटणं बाळाबाई लावून द्यायची. केस विंचरायचं तिनं सोडूनच दिलं.

कमळाकर सर वर्ग आटोपून तिसऱ्या दिवशी दुपारी आले. जुना शर्ट घालून आले होते. त्यांनी मुसळ उचललं आणि अर्ध्या तासात ते भिंतीला टेकून खोकत बसले, चष्म्याच्या काचा लालभडक झाल्या.

"मास्तर," बाळाबाई म्हणाली, "मिरची फोडताय का उखळ?"

त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच गोजरा हसली. सरही हसले आणि परत उठले. पुढचे चार दिवस ते रोज येत राहिले. फार काही त्यांच्या हातून होत नव्हतं. पण गोजराला टेकायला तेवढा अर्धा तास मिळायचा. येऊन ते एक शब्दही बोलत नसत. वर्गात इतकं बोलणारा माणूस एवढा गप्प राहू शकतो, याचं तिला नवल वाटायचं.

आणि चौथ्या दिवशी मारोती बाहेर आला. भिंतीला धरून धरून आला, उंबऱ्यावर बसला, चौकटीला उशी लावून पाठ टेकवली. दोन वर्षांत तो दिवसाउजेडी पहिल्यांदाच दारात बसला होता. रस्त्यानं जाणारे त्याच्या ओळखीचे माथाडी थबकून पाहत होते. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही.

"चाळण दे," तो गोजराला म्हणाला.

तिनं चाळण त्याच्या मांडीवर ठेवली. तो चाळू लागला. हात अजून ताकदीचे होते त्याचे. पूड खाली पडत होती, जाड भरडा वर राहत होता, तो उखळाकडं परत जात होता. एका पिशवीचं झालं की चाळण झटकून, फडक्यानं पुसून मगच तो दुसरी घ्यायचा. नवव्या दिवशी शेवटची, पिवळ्या दोऱ्याची पिशवी झाली.

गोजरानं सगळा मसाला स्वतः घरोघर पोचवला. पिशव्या मनगटात अडकवून नेल्या, कारण बोटं मिटत नव्हती. कुणी नाक खुपसून वास घेतला, कुणी चिमूट जिभेवर ठेवली. एका म्हातारीनं "हातची हाय व्हय ही?" म्हणून तिच्या हाताकडं पाहिलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. दोन घरांतल्या मिरचीचा वास उतरला होता. त्या बायकांनी नाक मुरडलं. गोजरानं त्यांच्यापुढं मान खाली घातली, त्यांची मजुरी घेतली नाही. अरुणाच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात अरुणाच भेटली. तिनं पिशव्या पाहिल्या, तिचे हात पाहिले.

"आत या ना, गोजराबाई. सरबत घ्या."

"नगं ताई, घाईत हाय," गोजरा म्हणाली. पेला धरता आला नसता, हे तिला सांगायचं नव्हतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. मारोतीनं उंबऱ्यात बसून अक्षर अक्षर जोडत वाचलं. "सदर जागा निवासी वापराची असल्याने आपली मागणी मान्य करता येत नाही." खाली सही होती. रजेवरचे साहेब परत आले होते.

गोजरा मशीनकडं बघत बसली. हिरव्या रंगावर लाल धूळ बसली होती, तीही हातानं कांडलेल्या मिरचीची.

"दिऊन टाक पोपटशेठला," मारोती म्हणाला. "हितं राहिलं तर गंजंल."

"तुमची पाठ हाय ती."

"माझी पाठ माझ्यापाशी हाय," तो म्हणाला. "ते लोखंड हाय."

पोपटशेठ स्वतः टेम्पो घेऊन आला. शब्दाप्रमाणं त्यानं फसवलं नाही. मशीन चढवताना माणसांना दोनदा ओरडला, "हलू, हलू, बायचा जीव हाय त्यान." टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत गोजरा दारात उभी राहिली नाही. आत जाऊन तिनं खोली झाडून घेतली. तिखटाची धूळ उडाली, तिला ठसका लागला आणि तो ठसका बराच वेळ थांबला नाही. मारोती आतल्या खोलीत होता. तो उठून आला नाही आणि काय झालं म्हणून त्यानं विचारलंही नाही.

पुढच्या सोमवारपासून ती परत कांदे निवडायला जाऊ लागली.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी कमळाकर सर घरी आले. चहा घेतला, मारोतीच्या तब्येतीची चौकशी केली आणि बराच वेळ कपाशी चाळा करत बसले.

"एक विनंती होती," ते शेवटी म्हणाले. "नवा वर्ग सुरू झालाय. वरून साहेबांनी सांगितलंय, आपल्याकडं शिकलेल्या एखाद्या यशस्वी उद्योजिकेला बोलवा. बायकांना हुरूप येतो."

"मला?"

"अठरा घरांचा मसाला तुम्ही हातानं कांडलात. शब्द पाळलात. ते सांगा. तेवढंच सांगा." त्यांनी कप खाली ठेवला. "मशीन गेलं ते, आणि बाजारात जाता ते... नाही सांगितलं तरी चालेल. माझी ऑर्डर याच महिन्यात संपतेय, गोजराबाई."

गोजरानं मारोतीकडं पाहिलं. मारोती खाली बघत होता.

"येते," ती म्हणाली.

वर्गात तीस बायका होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर केंद्रानं दिलेली कोरी फाईल होती. केंद्राचे साहेब येऊन दोन शब्द बोलले आणि निघून गेले. मग सरांनी तिची ओळख करून दिली, आवाज नेहमीसारखाच चढवला, पण तिच्याकडं न बघता. टाळ्या झाल्या. गोजरा उभी राहिली. इतके चेहरे आपल्याकडं लागलेले तिनं कधी पाहिले नव्हते. काहींच्या हातात पेन तयार होतं. पहिल्या बाकावर एक पोरसवदा बाई होती, नवं लग्न झालेली असावी. ती पुढं झुकून ऐकत होती. गोजराला आपली वही आठवली.

"मी गोजरा," ती म्हणाली. "मी मिरची कांडायचं मशीन घेतलं हुतं. ते आता माझ्याकडं न्हाई. मी बाजारात कांदं निवडायला जाते."

वर्गात कुजबुज झाली. कमळाकर सर खिडकीपाशी उभे होते. ते हलले नाहीत.

"अठरा घरांची मिरची मी हातानं कांडली, हे खरं हाय. पर त्यात शाणपणा काय बी न्हाई. तुमच्यावर ती पाळी येऊ ने म्हणून सांगते. आधी मीटर. मग मशीन. आन गिऱ्हाईकाला शब्द द्यायचा तो सगळ्यात शेवटी."

पहिल्या बाकावरची ती बाई म्हणाली, "पण ताई, मी तर शेवयांचं मशीन बुक केलंय. आता पहिल्यांदा कुठं जायचं?"

"घर कुणाचं हाय?"

"सासऱ्यांच्या नावावर. सरकारी कचेरीकडून मिळालेला फ्लॅट आहे, नेरूळला."

"मग तू उद्याच्याला मशीन थांबवून ठेव, पोरी. उद्याच. आन सगळ्यांत आधी घर दिलेल्या कचेरीत जा. तोंडी इचारू नगं, अर्ज दे आन अर्जावर त्यांचा शिक्का घे. ते न्हाई म्हणलं तर तितनंच घरी ये. फुडं विजेच्या खिडकीवर जाऊच नगं. मी सहा खेपा तिथं घातल्या, तिथंच माझा हंगाम गेला."

"आणि हो म्हणाले तर?"

गोजरानं फळ्याकडं पाहिलं. मग सरांकडं पाहिलं. सरांनी टेबलावरचा खडू उचलला आणि पुढं येऊन तिच्या हातात दिला. तिच्या तळहाताची कातडी आता जाड आणि गुळगुळीत झाली होती, खडू नीट पकडता येईना. तिनं तो मुठीत धरला.

तिनं हळूहळू, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली. खेपा घालताना खिडक्यांवर आणि रांगेत कळलेलं सगळं: पहिला कागद कुठला, तो कुठल्या मजल्यावर मिळतो. दुसऱ्यावर शेजाऱ्यांच्या सह्या, आणि त्या पहिल्याच्या आधी घेतल्या तर बाद होतात. तिसरा, वायरमनचा, त्याच्यावर त्याचा नंबर आहे का ते बघायचं. कुठल्या खिडकीवर जेवणाच्या आधी जायचं, कुठल्या नंतर. कुठल्या कागदाची नक्कल स्वतःकडं ठेवायची. वर्गात पेनांचा आवाज तेवढा येत होता.

चौथ्या कागदाशी ती अडली, शब्द आठवेना. ती मागं वळली. कमळाकर सर खिडकीपाशी नव्हते. ते शेवटच्या बाकावर एका बाईशेजारी जागा करून बसले होते. तिच्याकडून त्यांनी एक कोरा कागद मागून घेतला होता आणि मान खाली घालून ते लिहीत होते.